पाव्हणीचा उपवास

"मेली काय?" आप्पांनी विचारलं.

परसातल्या धुण्याच्या दगडावर वर्तमानपत्र पसरून मी कुंडी आडवी केली होती आणि आमरीचं, म्हणजे ऑर्किडचं, झाड हळूहळू बाहेर ओढणार होते. पण ओढावं लागलंच नाही. मुळांनी कुंडी धरलेलीच नव्हती. मातीऐवजी भरलेल्या सालीच्या तुकड्यांसकट सगळं झाड अलगद दगडावर येऊन पडलं.

"अगं पद्मजा, मेली काय म्हंतोय मी."

"बघू तरी द्या, आप्पा."

त्यांनी प्लास्टिकची खुर्ची डाव्या हातानं पुढं ओढली आणि बसले. उजवा हात मांडीवर उपडा ठेवला. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून तो हात ते असाच ठेवायचे, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा.

मी एक मूळ दोन बोटांत धरून दाबलं. तपकिरी पाणी आलं. जरा ओढलं तर वरचं जाडसर आवरण ओल्या मोज्यासारखं निघून हातात आलं, आणि आत उरला नुसता दोरा. दुसरं मूळ तसंच. तिसरं कोरडं, पोकळ, टाचेखाली आलेल्या बोरूच्या काडीसारखं फुटलं. पानांची टोकं करपून काळी पडली होती, आणि पानं इतकी मऊ की टेकवली तिथं झुकत होती. कुंडीच्या काठावर पांढरी खरबरीत कड जमली होती. मी नखानं ती खरवडली.

"मीठ बसलंय," मी म्हटलं.

"काय?"

"मीठ. फार खारट झालंय."

आप्पा खुर्चीत ताठ झाले. "मी मीठ कशाला घालीन तिला?"

बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. आमच्या घरात हा शब्द साधा नव्हता. भूपाल आचारी म्हटलं की जयसिंगपूरपासून कुरुंदवाडपर्यंत लोकांना आमटी आठवायची. मांडवात चारशे पान असो की हजार, आप्पा मीठ मुठीनं टाकायचे, बाकीचं चिमटीनं सारखं करायचे, आणि कढईकडं पाठ करून दुसऱ्या कामाला लागायचे. लोक म्हणायचे, भूपालच्या हाताला गुण आहे. त्यांच्या पदार्थाला खारट म्हटलेलं मी तरी जन्मात ऐकलं नव्हतं.

"तसलं मीठ नाही, आप्पा. खत. खतसुद्धा एक प्रकारचं मीठच असतं. क्षार."

"तू सांगितलंस तेवढंच घातलंय. चिमूटभर. आठवड्याला."

ते खरं होतं. एम.एस्सी.चा निकाल लागून मी घरी आले होते आणि गावाबाहेरच्या एका हरितगृहाच्या प्रयोगशाळेत मला काम मिळालं होतं. तिथं आमरीची रोपं बाटल्यांत वाढवत. फुलाची दांडी वाकडी आली म्हणून विक्रीतून बाद झालेलं एक झाड मी घरी आणलं, तेव्हा आप्पा दवाखान्यातून नुकतेच परतले होते. दिवसभर भिंतीकडं बघत बसायचे. मी कुंडी त्यांच्याशेजारी ठेवली आणि म्हटलं, हिच्याकडं तुम्ही बघा. ते म्हणाले, हिला माती का न्हाई? मी म्हटलं, ही मातीत राहत नाही, झाडांच्या फांद्यांवर राहते. आप्पा पहिल्यांदा हसले. "म्हंजे दुसऱ्याच्या घरात राहणार आणि पाय खाली टाकणार न्हाई. पाव्हणीच की."

तेव्हापासून तिचं नाव पाव्हणी. खताच्या पुडीबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं, एक लिटर पाण्यात चिमूटभर. प्रयोगशाळेत आम्ही असलं काही तराजूशिवाय हाताळत नसू, पण आप्पांना मी तो कागद जसा होता तसा वाचून दाखवला. चिमूट हे माप त्यांना कुणी शिकवायची गरज होती का?

"काकडीच्या कोशिंबिरीचं काय होतं?" मी विचारलं. "मीठ लावून ठेवली की?"

"पाणी सुटतं."

"कुठलं पाणी?"

"काकडीतलंच की." त्यांनी मुळांकडं बघितलं. "म्हंजे हिच्या पायातलं पाणी मिठानं ओढून घेतलं?"

"हो."

"आणि मी वाळली वाळली म्हणून वरून आणखी पाणी घालत हुतो."

"त्यातही खत होतं."

"पाण्यात बसून तहानेनं मेली म्हण की."

मला वर्गात शिकायला दोन तास लागले होते तेवढं त्यांनी एका वाक्यात सांगितलं. पण सांगताना आवाज उतरला होता.

"मेलेली नाही," मी म्हटलं. "गाभा हिरवा आहे, बघा. ब्लेड द्या मला. नवं."

गॅसवर तापवून घेतलेल्या ब्लेडनं मी कुजलेली मुळं एकेक कापत गेले. आप्पा प्रत्येक कापणीला तोंडानं 'च्' करायचे.

"अगं, सगळेच पाय तोडलेस की!"

"कुजलेलेच. हे बघा, हे दाबल्यावर घट्ट लागतंय, हे ठेवलं. हेही ठेवलं."

"दोनच?"

"दोन आणि हा अर्धा."

मग मी फुलाची दांडी धरली. टोकाला पाच-सहा कळ्या होत्या, वाकडी का होईना, दांडी जोमात होती. आप्पा रोज सकाळी त्या कळ्या मोजायचे.

"ती नको," ते म्हणाले.

"आप्पा, तिच्या अंगात आता फुलं पोसायची ताकद नाही. दांडी ठेवली तर झाड जाईल."

"पाव्हणी आली तशी फुलंबिनं घालून आली हुती. आता टक्कल करून ठेवणार काय तिचं?"

मी कापली. आप्पांनी तोंड फिरवलं आणि पेरूच्या झाडाशी बोलल्यासारखं म्हणाले, "एक पाव्हणी सांभाळता येईना. मांडव काय सांभाळणार आम्ही."

ह्याचीच मला भीती होती. तुळशीचं लग्न झालं की शिरोळच्या चौगुल्यांच्या घरचं लग्न होतं. झटक्यानंतरचं पहिलं काम. चौगुले स्वतः घरी येऊन सुपारी देऊन गेले होते आणि आप्पांनी ती घेतली होती. त्या दिवसापासून ते भिंतीकडं बघत बसायचे बंद झाले होते. आता हातातली एक वीतभर कुंडी मेली, तर ते सुपारी परत पाठवतील, आणि एकदा परत पाठवली की पुन्हा कधी घेणार नाहीत, हे आईला आणि मला दोघींनाही कळत होतं.

"दालचिनी आहे का हो आपल्याकडं? पूड?" मी विषय बदलला.

"कशाला?"

"कापलेल्या जागी लावायची. बुरशी येत नाही."

आप्पांचं तोंड परत इकडं वळलं. "मसाल्यात घालतो ती?"

"तीच."

ते उठून आत गेले. कपाटाची किल्ली फिरल्याचा आवाज आला. त्यांच्या मसाल्याच्या डब्यांना घरात दुसऱ्या कुणाचा हात लागत नसे. डबा घेऊन आले ते बोलतच आले. "बाजारातली न्हवं ही. त्यात काय पण असतंय, कसलीबी साल कुटून घालतात. ही मी स्वतः निवडून कुटलेली. वास घे."

मी वास घेतला. खरंच, परसातल्या कुजक्या वासावर तो चढला.

"सर बाजूला," ते म्हणाले. "मसाला घालायचं काम माझं. कुठं घालायची तेवढं सांग."

मी झाड आडवं धरून कापलेलं टोक दाखवलं. आप्पांनी डब्यात उजवा हात घातला. घालता घालता कुरुंदवाडच्या कुठल्या तरी वरातीची गोष्ट सुरू केली. नवरदेवाचा मामा पंगतीत कसा रुसला आणि त्याला तीन वाट्या हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढून कसा उठवला. गोष्ट माझ्याकडं बघत चालली होती. चिमूट मुळावर आली आणि उघडली.

ढेकूळ पडलं. अर्धं मूळ पुडीखाली गाडलं गेलं, बाकीची वर्तमानपत्रावर सांडली.

आप्पा अजून मामाला हुग्गी वाढत होते. माझं तोंड बघून थांबले. मग त्यांनी खाली बघितलं.

"डबा गच्च भरलेला हुता," ते म्हणाले.

मी फुंकर मारून जादा पूड उडवली. ती जास्त झाली तरी मूळ वाळतं. पण माझ्या डोक्यात वेगळंच काही चाललं होतं. कागद बरोबर होता. दर आठवडा बरोबर होता. आप्पांनी एकही वेळ जास्तीची दिली नव्हती; असल्या बाबतीत ते खोटं बोलत नाहीत. मग कुंडीच्या काठावर एवढा क्षार आला कुठून?

"आप्पा, एक काम करा. या कागदावर एक चिमूट ठेवा. डाव्या हातानं."

"हे काय आता?"

"ठेवा की."

त्यांनी ठेवली. नीट, लहान, रांगोळीच्या ठिपक्याएवढी.

"आता डोळे मिटा. आणि या दुसऱ्या कागदावर उजव्या हातानं. तेवढीच."

"तेवढीच घालतोय," ते डोळे मिटून म्हणाले. चेहऱ्यावर जरा हसूही होतं; लेकीचा खेळ चाललाय, चालू दे. त्यांची बोटं डब्यात गेली, बाहेर आली, उघडली.

आई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती. तिनं दोन्ही कागद बघितले आणि तिचे हात पदरातच थांबले.

आप्पांनी डोळे उघडले. एका कागदावर ठिपका होता. दुसऱ्यावर चमचा भरेल एवढा ढीग.

"ही कुठली?" त्यांनी विचारलं, ठाऊक असून.

"उजवी."

त्यांनी उजवा हात तोंडापुढं धरला. अंगठा तर्जनीवर घासला. पुन्हा घासला. बोटांवर पूड होती, ती खाली झडत होती. "लागत न्हाई," ते हळूच म्हणाले. "हात उचलतोय, धरतोय, सगळं करतोय. पण धरलंय किती ते लागत न्हाई."

मग आप्पा आईकडं वळले.

"परवाची आमटी."

गेल्या रविवारी त्यांनी हौसेनं आमटी केली होती आणि ती तोंडात घालवत नव्हती. आई पटकन म्हणाली होती, अहो, मीच विसरून दुसऱ्यांदा मीठ घातलं.

"तू घातलं न्हवतंस."

"न्हाई," आई म्हणाली.

"मग तसं का म्हणालीस?"

"एवढ्या दिवसांनी चुलीजवळ उभं राहिला हुता," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

आप्पा उठले नाहीत. मी मुळं धुतली, नव्या सालीत कोळशाचे खडे मिसळले, लहान कुंडी घेतली आणि झाड आत बसवलं. हलू नये म्हणून काडीला बांधलं. वर पारदर्शक पिशवी सैल घातली, ओल टिकावी म्हणून. सगळं होईपर्यंत ते बघत होते. शेवटी म्हणाले, "कलगोंडाला फोन लाव. चौगुल्यांची सुपारी परत द्यायला सांगू."

कलगोंडा म्हणजे आप्पांचा उजवा हात. मी लहान असल्यापासून त्यांच्या भट्टीवर होता, लाकडं फोडण्यापासून सुरुवात करून.

"नाही लावणार," मी म्हटलं.

"मग मी लावतो."

"आप्पा, हिला मी आता काही खायला देणार नाही. नुसतं पाणी. मुळं भाजलेली असताना खत दिलं तर उरलेलीही जातील. नवं मूळ येईपर्यंत उपवास. येईल की नाही ते मला ठाऊक नाही. तोवर तुम्हीही थांबा."

"तिचा आणि माझा काय संबंध?"

"काही नाही. शास्त्रात तरी नाही. पण मघाशी तो तुम्हीच लावला. एक पाव्हणी, नि मांडव, नि काय काय."

आप्पा आत बघून मोठ्यानं म्हणाले, "ऐकलंस काय? तुझी लेक वकील व्हायची ती चुकून शास्त्रज्ञ झाली."

आतून आईचा आवाज आला. "उपवास कुणाचा, त्या झाडाचा? आता दशलक्षणाचं पर्व लागंल, आम्ही उपास करतोच आहे. तीबी करू दे."

पुढचे आठवडे आप्पांना जड गेले. पाव्हणी उपाशी, हे त्यांना सहनच होत नव्हतं. समोर बसलेल्याला नको म्हणेपर्यंत वाढायचं, आणि नको म्हटल्यावर आणखी एकदा वाढायचं, हेच त्यांनी आयुष्यभर केलं होतं. मी कामावरून आले की ते दारातच गाठायचे.

"ताकाचं पाणी दिलं तर?"

"नाही."

"तांदळाचं धुवण? त्यात काय हाय, पाणीच."

"नाही, आप्पा."

"केळ्याची साल नुसती शेजारी ठेवली तर? वास तरी घेईल."

"आप्पा!"

"बरं बरं. कसायाच्या घरी दिलंय बघा हिला," ते पिशवीतल्या झाडाला सांगायचे.

एक गोष्ट मात्र मी न सांगता सुरू झाली. दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना आधीच सांगितलं होतं, डोळे मिटून धान्यात हात घाला, काय लागतंय ते ओळखा. तेव्हा आप्पा म्हणाले होते, मी काय बालवाडीत हाय? एका दुपारी मी लवकर घरी आले तर ते स्वयंपाकघरात परात पुढ्यात घेऊन बसले होते. तूर, हरभरा, मूग, मसूर सगळं एकत्र. डोळे मिटलेले.

"हरभरा," ते म्हणाले आणि एक दाणा वर धरला.

"तूर," आई म्हणाली.

"हट्! तूर एवढी गुळगुळीत असती काय?"

"डोळं उघडून बघा की मग."

त्यांनी बघितलं. तूर होती. त्यांनी दाणा परत परातीत टाकला, डोळे मिटले आणि पुन्हा हात घातला. मी दारातूनच मागं फिरले.

हळूहळू हरभरा ओळखू यायला लागला. मग वाटाणा. तूर कधी यायची, कधी नाही. आई अधूनमधून गुपचूप परातीत मीठ पसरून ठेवून बघायची. मीठ त्यांना शेवटपर्यंत लागलं नाही. ते बोटं चोळायचे, चोळायचे आणि म्हणायचे, "रिकामी परात ठेवलीस व्हय?"

पाव्हणीचं एक पान पिवळं पडून गळलं. मी ते आप्पांना दिसण्याआधी उचलायला गेले, तर त्यांनी ते आधीच उचलून खिशात ठेवलं होतं. माझ्यापासून लपवायला. मला तेव्हा कळलं की पाव्हणीचं जगणं-मरणं ते फक्त स्वतःसाठी नाही, माझ्यासाठीही बघत होते.

दसरा होऊन गेला होता. सकाळी मी डबा भरत होते. परसातून आप्पांची हाक आली, "पाव्हणीनं पाय काढला गं!"

आईच्या हातातली पळी खाली पडली. "गेली?"

आम्ही दोघी धावलो. आई पायरीवरच बसली. "मी म्हटलं हुतं, एवढा उपवास कुणाला सोसतोय..."

"गेली न्हवं," आप्पा ओरडले. "पाय काढला म्हंजे पाय काढला! बाहेर! हे बघ!"

गाभ्याच्या बुडाशी, सर्वांत खालच्या पानाला भेदून, एक टोक बाहेर आलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढं, हिरवं, ओलं असल्यासारखं चकाकणारं. मी भिंग आणून बघितलं. मग उगाच पुन्हा बघितलं. हरितगृहात मी अशी हजारो मुळं बघितली होती, पण तिथं त्यांची वाट बघत कुणी बसलेलं नव्हतं.

"आता जेवायला घालायचं?" आप्पांनी विचारलं.

"अजून थोडं थांबायचं. मग अगदी पातळ. आणि मोजून."

"मोजून," ते म्हणाले. आणि मग, तिथंच उभ्या उभ्या, "फोन आण."

मी फोन आणून दिला. त्यांनी डाव्या अंगठ्यानं नंबर दाबला आणि आवाज मोठा केला, आम्हालाही ऐकू जावा म्हणून.

"बोला मालक," कलगोंडाचा आवाज आला. मागं भट्टीचा पंखा घरघरत होता.

"कलगोंडा, मला बोटांचं कळंना झालंय. उजव्या. मीठ किती धरलं ते लागत न्हाई."

पलीकडं कुणीतरी पंखा बंद केला.

"हाईस का?"

"हाय, मालक. म्हंजे... चौगुल्यांना काय सांगायचं?"

"काय सांगायचं? वेळेवर या म्हणून सांग. मी येणार हाय. मीठ तू घालायचं."

"मी?" कलगोंडाचा आवाज चिरकला. "मालक, इतकी वर्षं मिठाच्या डब्याला बोट लावू दिलं न्हाईसा."

"आता लाव. जीभ माझी चांगली हाय, मी चाखणार. चुकलास की शिव्याबी घालणार."

"ते आत्ताबी घालताच की." तो हसला, पण लगेच थांबला. "पण मालक, किती घालू? तुम्ही कधी मोजलंच न्हाई. चारशे पानाला किती, ते मी कुणाला विचारू?"

आयुष्यात पहिल्यांदा आप्पांना त्यांच्याच आमटीचं उत्तर येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"तुला संध्याकाळी सांगतो," ते फोनमध्ये म्हणाले आणि फोन ठेवला. मग मला म्हणाले, "तो तुझ्या कामावरचा तराजू घरी आणू देतील?"

"आणीन."

"मी डाव्या हातानं चाखत चाखत घालीन. तू डबा आधी नि नंतर तोल. चौघांची आमटी करू, मग शंभरानं गुणलं की झालं."

"तसं गुणता येत नाही, आप्पा. मोठ्या पातेल्यात पाणी आटतं वेगळं, डाळ शिजते वेगळी. आधी चौघांची, मग वीस जणांची, मग पन्नासाची करून बघावी लागेल."

"एवढी आमटी खाणार कोण?" आई म्हणाली.

"गल्ली हाय की," आप्पा म्हणाले.

संध्याकाळी मी तराजू घेऊन आले तेव्हा डाळ शिजत होती आणि ते दारात उभे होते. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर आमच्याकडं कुणी तोंडात काही घालत नाही, चाखायलासुद्धा. आप्पांनी मावळतीकडं बघितलं, किती ऊन उरलंय त्याचा अंदाज घेतला, आणि मला म्हणाले, "चप्पल नंतर काढ. आधी ते यंत्र चालू कर."